इंग्रजीची परीक्षा निवडताना : आधी दार, मग किल्ली

ऑक्टोबर छाटणी उरकून निफाडचे एक द्राक्ष बागायतदार मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा मेकॅनिकलचा इंजिनिअर. पुढच्या शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलेलं. हातात इंग्रजीच्या परीक्षेची गुणपत्रिका, आणि गुणही चांगले. अडचण एवढीच होती, की ती परीक्षा घरी बसून दिलेली होती आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी घरून दिलेली परीक्षा चालत नाही. "मॅडम, मित्र म्हणाला हीच सोपी आहे," मुलगा खाली मान घालून म्हणाला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दुसऱ्या परीक्षेची फी विचारली.

नाशिकमध्ये मी परदेशी निघालेल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर या पट्ट्यात संध्याकाळी फिरलं, की आयईएलटीएस, पीटीई, टोफेल अशा पाट्या दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण पहिला प्रश्न एकच विचारतात : यातली सोपी कोणती? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. आधी ठरवायचं ते हे, की आपली गुणपत्रिका वाचणार कोण. मग पाहायचं, की त्यांना नेमके किती गुण हवेत. आणि त्यानंतरच आपल्या इंग्रजीला कोणती परीक्षा मानवेल याचा विचार करायचा. हा क्रम चुकला, की पैसा जातो, वर्ष जातं आणि मुलाचा आत्मविश्वासही जातो.

गुणपत्रिका कोण वाचणार?

वाचणारे तीन असतात : विद्यापीठ, व्हिसा देणारं सरकारी खातं आणि काही व्यवसायांत नोंदणी करणारी परिषद. या तिघांचं म्हणणं एकच असेल असं नाही.

अमेरिकेत मामला त्यातल्या त्यात सरळ आहे. विद्यार्थी व्हिसासाठी सरकार वेगळी इंग्रजीची परीक्षा मागत नाही. विद्यापीठ मागेल ती द्यायची. टोफेल, आयईएलटीएस, पीटीई आणि बऱ्याच ठिकाणी ड्युओलिंगोही चालते. पण एकाच विद्यापीठातला एक विभाग ड्युओलिंगो स्वीकारतो आणि शेजारचा नाही, असंही होतं. म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर विसंबू नये, आपल्या अभ्यासक्रमाच्या पानापर्यंत जावं.

ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणाला जाणाऱ्याचं इंग्रजी बहुतेक विद्यापीठं स्वतः तपासू शकतात. तिथे साधी आयईएलटीएस अकॅडमिक पुरते. पदवीखालचा किंवा पायाभूत अभ्यासक्रम असेल, तर व्हिसासाठी सरकारमान्य सुरक्षित परीक्षा लागते आणि तिचं नाव 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' असं वेगळं असतं. प्रश्नांचं स्वरूप तेच, नोंदणी मात्र वेगळी. नोंदणीच्या पानावर चुकीच्या चौकोनात टिचकी पडली, की सगळी फी वाया. कुशल कामगार व्हिसावर जाणाऱ्यांसाठी ब्रिटनने ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची पातळी बी-१ वरून वरच्या बी-२ वर नेली आहे. जुन्या माहितीवर तयारी करणाऱ्यांना हा फरक जड जाईल.

कॅनडाची वाट गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त बदलली. विद्यार्थ्यांसाठीची जलद योजना, म्हणजे एसडीएस, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. तिच्या अटींवर बेतलेले सल्ले अजूनही तोंडी फिरत असतात. शिवाय शिक्षण आणि स्थलांतर यांच्या परीक्षा वेगवेगळ्या आहेत. कायम वास्तव्यासाठी आयईएलटीएस जनरल, सेलपिप जनरल किंवा पीटीई कोअर लागते. अकॅडमिकची गुणपत्रिका तिथे उपयोगाची नाही.

ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसाची आयईएलटीएसची अट ५.५ वरून ६ बँडवर नेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य परीक्षांची यादी वाढवली आणि काही परीक्षांचे लागणारे गुणही बदलले. टोफेलचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुलै २०२३ ते मे २०२४ या काळात ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी टोफेल स्वीकारलीच जात नव्हती, नंतर पुन्हा सुरू झाली. मोठ्या भावाला चालली म्हणून धाकट्याला चालेल, हा हिशोब इथे लागू पडत नाही.

जर्मनीत इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्ससाठी आयईएलटीएस किंवा टोफेल चालते. त्याखेरीज भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. पण तिथे राहायचं, नोकरी करायची, तर जर्मनला पर्याय नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यातही भर जर्मन शिकवण्यावरच आहे. जर्मनीला निघालेल्या मुलाने इंग्रजीत अर्ध्या बँडसाठी चार महिने घालवण्यापेक्षा ते महिने जर्मनला द्यावेत, असं मी स्पष्ट सांगते.

चार परीक्षांची घडण

टोफेल सगळ्यांत जुनी. ती १९६४ पासून घेतली जाते. अमेरिकेतली ईटीएस ही संस्था ती चालवते. अनेक वर्षं तिचे गुण १२० पैकी असत. २१ जानेवारी २०२६ पासून तिचं रूप बदललं आहे. आता ती सुमारे दीड तासाची आहे, वाचन आणि श्रवण यांत तुमच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न सोपे-अवघड होतात, आणि गुण १ ते ६ या पट्टीवर मिळतात. बदलाच्या काळासाठी जुन्या पट्टीवरचे गुणही सोबत दिले जातात. ऐकलेलं वाक्य तसंच म्हणणं, मुलाखतीसारख्या प्रश्नांना उत्तरं देणं, ईमेल लिहिणं असे प्रकार तिच्यात आले आहेत. जुन्या पुस्तकांवर तयारी करणाऱ्यांनी ती पुस्तकं बाजूला ठेवावीत.

आयईएलटीएस या नावाने १९८९ पासून आहे. गुण ० ते ९ बँडमध्ये. पावणेतीन तास. वाचन आणि श्रवणाचे प्रत्येकी ४० प्रश्न, १५० आणि २५० शब्दांची दोन लेखनं, आणि ११ ते १४ मिनिटांचं संभाषण. या संभाषणात तुमच्यासमोर माणूस असतो, हे तिचं मोठं वेगळेपण. भारतात ही परीक्षा २०२१ पासून फक्त आयडीपी ही संस्था घेते.

पीटीई अकॅडमिक पिअर्सन कंपनीची, २००९ पासूनची. साधारण दोन तास, गुण १० ते ९०, निकाल बहुधा दोन दिवसांत. तिथे तुम्ही हेडफोन लावून संगणकाशी बोलता आणि तपासणीचं मुख्य काम संगणकच करतो. ठोकळेबाज पाठ केलेली उत्तरं वाढली, म्हणून २०२५ पासून काही उत्तरांना माणसाच्या तपासणीची जोड दिली आहे आणि बोलण्याचे दोन नवे प्रकार आणले आहेत. त्यामुळे 'टेम्प्लेट पाठ करा, ७९ मिळवा' या जाहिरातीवर आता तरी विश्वास ठेवू नये.

ड्युओलिंगो सगळ्यांत धाकटी. ती घरून द्यायची, सुमारे तासाभराची, गुण १० ते १६०, आणि फी इतरांच्या निम्म्याहूनही कमी. तिच्या कंपनीचे एक संस्थापक लुइस फॉन आन हे ग्वाटेमालाचे. अमेरिकेत शिकायला जाताना त्यांना इंग्रजीची परीक्षा देण्यासाठी शेजारच्या एल साल्वादोर देशात जावं लागलं होतं, असं ते सांगतात. सकाळची 'पंचवटी एक्स्प्रेस' पकडून मुंबईला परीक्षेला गेलेल्या नाशिककराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. २०२० च्या टाळेबंदीत परीक्षा केंद्रं बंद पडली आणि या परीक्षेला अनेक विद्यापीठांची दारं उघडली. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा खात्यांची दारं मात्र उघडलेली नाहीत.

घरून परीक्षा देण्याची अडचण आपल्या घरांच्या रचनेत आहे. माझ्या एका विद्यार्थिनीची परीक्षा चालू असताना तिची आजी संध्याकाळचा दिवा लावायला खोलीत आली, कारण देवघर त्याच खोलीत होतं. खोलीत दुसरं माणूस दिसलं, म्हणून परीक्षा रद्द ठरली. आजींना दोष कसा द्यायचा? तीन खोल्यांच्या घरात कोणीच येणार नाही अशी खोली नसेल, तर केंद्रावर जाऊन परीक्षा देणं बरं.

मराठी कान, मराठी जीभ

वाचणाऱ्याची यादी पाहून झाली, की दोन-तीन परीक्षा हाताशी उरतात. आता खरोखर स्वतःकडे पाहायचं.

आपल्याकडची बरीच मुलं सेमी इंग्रजीतून आलेली असतात. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकलेली, बाकी सगळं जगणं मराठीत. त्यांचं वाचन बरं असतं, तांत्रिक शब्द ठाऊक असतात, पण सलग बोलायची सवय नसते. वाक्य आधी मराठीत तयार होतं, मग त्याचं भाषांतर होतं. भाषांतर करूनच इंग्रजी शिकण्याची आपली परंपरा जुनी आहे, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या वाढल्या. त्या पद्धतीने व्याकरण पक्कं होत असे, पण वाक्याच्या मधोमध थांबायची सवयही लागते. समोर माणूस असेल, तर विचार गोळा करायला घेतलेला क्षण तो समजून घेऊ शकतो. ओघ मोजणारं यंत्र तो क्षण अडखळणं म्हणून मोजण्याची शक्यता जास्त. म्हणून अडखळत पण विचारपूर्वक बोलणाऱ्याला मी आयईएलटीएस सुचवते. भराभर, न थांबता बोलणाऱ्याला, आणि अनोळखी माणसासमोर जीभ टाळ्याला चिकटते अशा मुलालाही पीटीई मानवते.

उच्चारांचं म्हणाल, तर काही गोष्टी मराठीने आपल्याला आयत्या दिल्या आहेत. 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर आपण लिहितोही आणि बोलतोही. अडचण वेगळीकडे आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना काटेकोर पाळतो, पण बोलताना स्वराची लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते, अर्थ त्यावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे 'शिप' आणि 'शीप', 'लिव्ह' आणि 'लीव्ह' आपल्या तोंडून सारखेच निघतात. एक 'व' आपण 'व्हिसा'सारखा आणि दुसरा 'वॉटर'सारखा लिहितो, पण घाईत दोन्ही एक होतात. हे दोष नव्हेत, सवयी आहेत, आणि रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून, ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकलं, तर दोन महिन्यांत सुधारतात.

लेखनातल्या चुकाही मराठीतूनच येतात. 'सरकारने पाऊल उचललं पाहिजे' याचं मुलं लिहितात : 'गव्हर्नमेंट शुड टेक स्टेप'. मराठीत नामाआधी 'अ', 'ॲन', 'द' असं काही लागत नाही, म्हणून 'द' गळतो, आणि 'स्टेप'चं अनेकवचनही राहून जातं. 'प्रश्नाविषयी चर्चा केली' या सवयीने 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' चिकटतं. एखादी चूक कोणी मनावर घेत नाही, पण २५० शब्दांत अशा पंधरा जागा झाल्या, की बँड खाली येतो.

एका बाबतीत मात्र आपल्या शाळांचं देणं आहे. पीटीईत ऐकलेलं वाक्य लिहून काढायचा प्रश्न असतो आणि त्याचे गुण श्रवण आणि लेखन या दोन्हींत धरले जातात. हे आपलं श्रुतलेखनच. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंनी रोज श्रुतलेखन घातलेली मुलं या प्रश्नाला घाबरत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

अर्ध्या बँडचं गणित

आयईएलटीएसचा एकूण बँड म्हणजे चार भागांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडवर नेलेली. समजा, श्रवणात ७, वाचनात ६.५, लेखनात ५.५ आणि बोलण्यात ६ मिळाले. बेरीज २५, सरासरी ६.२५. ती वर जाऊन ६.५ होते. घरी पेढे वाटले जातात. पण विद्यापीठाची अट असते, 'एकूण ६.५, कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको'. लेखनातल्या ५.५ ने सगळं अडतं.

अशा मुलांसाठी आता एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे. संगणकावर दिलेल्या परीक्षेनंतर ६० दिवसांच्या आत ती घेता येते. पण तुमचं विद्यापीठ असा जोडलेला निकाल स्वीकारतं का, हे आधी विचारावं लागतं. टोफेलमध्ये वेगवेगळ्या वेळी दिलेल्या परीक्षांतले भागवार सर्वोत्तम गुण एकत्र दाखवले जातात. तिथेही शेवटचा शब्द विद्यापीठाचाच.

लेखनाचा बँड सगळ्यांत कमी येणं ही फक्त आपली अडचण नाही, जगभरच्या परीक्षार्थींचं तसंच होतं. माझा सल्ला असा, की तयारीचा निम्मा वेळ लेखनाला द्यावा आणि प्रत्येक निबंध कोणाकडून तरी तपासून घ्यावा. न तपासलेले पन्नास निबंध तीच चूक पन्नास वेळा पक्की करतात.

रुग्णालयातलं इंग्रजी

या आढाव्यात नर्सिंगच्या मुलींसाठी वेगळी जागा हवीच. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. राज्यभरच्या बहुतेक नर्सिंग महाविद्यालयांच्या पदव्या तिथून निघतात. त्यातल्या कित्येक मुलींना ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात काम करायचं असतं, आणि त्यांनाही सगळेजण आयईएलटीएसच्याच रांगेत उभं करतात.

त्यांच्यासाठी ओईटी नावाची परीक्षा आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी मेलबर्नचे भाषातज्ज्ञ टिम मॅकनमारा यांनी ती घडवली. आज ती आरोग्यक्षेत्रातल्या १२ व्यवसायांसाठी घेतली जाते. लेखनात रुग्णाच्या नोंदी दिलेल्या असतात, त्यांवरून पुढच्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला पत्र लिहायचं. बोलण्यात तुम्ही परिचारिका आणि समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक.

माझ्याकडे एक मुलगी होती, सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात चार वर्षं काम केलेली. 'शहरीकरणाचे फायदे-तोटे' यावर लिहिताना तिचा हात थांबायचा. ओईटीचा सराव म्हणून मी तिला मधुमेही आजोबांच्या डिस्चार्जची नोंद दिली. वीस मिनिटांत पत्र लिहून झालं. औषधांचा क्रम बरोबर, जखमेचं ड्रेसिंग कधी बदलायचं तेही लिहिलेलं, आणि काय वगळायचं हेसुद्धा तिला कळलं होतं. व्याकरणाच्या चुका तिथेही होत्याच, पण तिला काय सांगायचं आहे हे तिला माहीत होतं. परीक्षा निवडण्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. आपल्याला जे येतं, ते दाखवायची संधी जिथे मिळते, ती आपली परीक्षा.

ब्रिटनची नर्सिंग परिषद ओईटीत वाचन, श्रवण आणि बोलणं यांत बी श्रेणी मागते, लेखनात सी प्लस चालते. आयईएलटीएस दिली, तर लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. ओईटीची फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे, म्हणून कच्च्या तयारीवर ती देऊ नये. आणि इतर क्षेत्रांत जाणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

परीक्षेवरचा विश्वास

परीक्षा सुरक्षित आहे की नाही, हा विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न वाटत नाही, पण आहे. २०१४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने ब्रिटनमधल्या काही केंद्रांवर टोइक या इंग्रजी परीक्षेत चालणारी फसवणूक दाखवली. ब्रिटिश सरकारने त्यानंतर सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांत भारतीय विद्यार्थीही मोठ्या संख्येने होते. आपण प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती असं सांगत त्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. काहींनी केलेल्या लबाडीची शिक्षा अनेकांना भोगावी लागली.

म्हणून 'सेटिंग आहे', 'परीक्षेला न बसता स्कोअर मिळेल' असं कोणी सांगितलं, तर तिथून उठून यावं. गुणपत्रिका ऑनलाइन पडताळली जाते आणि खोटी निघाली, तर त्या देशाचं दार कित्येक वर्षं बंद होतं.

खर्च, वेळ आणि ज्यांना दोन्ही कमी

आयईएलटीएस आणि पीटीईची फी आज १७-१८ हजार रुपयांच्या घरात आहे. गुण साधारण दोन वर्षं ग्राह्य धरले जातात. पीटीई आणि ड्युओलिंगोची गुणपत्रिका हव्या तितक्या विद्यापीठांना फुकट पाठवता येते. दहा ठिकाणी अर्ज करणाऱ्याला हा फरक मोठा पडतो. काही विद्यापीठं इंग्रजी माध्यमातून पदवी घेतल्याचं पत्र किंवा बारावीच्या इंग्रजीचे गुणही मान्य करतात. आपल्या विद्यापीठाला ईमेल करून हे विचारायला खर्च काहीच नाही, आणि कधी कधी त्या एका ईमेलने परीक्षाच टळते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या आदिवासी मुलांसाठी, अनुसूचित जातींच्या आणि इतर मागास घटकांतल्या मुलांसाठी राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे. पण शिष्यवृत्तीला विद्यापीठाचं प्रवेशपत्र लागतं आणि प्रवेशपत्राला इंग्रजीचे गुण. जाहिरात आल्यावर परीक्षेची तयारी सुरू केली, तर मुदत हुकते. पदवीच्या तिसऱ्या वर्षातच महाविद्यालयांनी या मुलांना ही साखळी समजावून सांगायला हवी. शहरातल्या मुलाची चूक बापाच्या दुसऱ्या धनादेशाने भरून निघते. पेठच्या मुलाला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

निफाडच्या त्या मुलाला मी शेवटी एक कोरा कागद दिला. वरती विद्यापीठाचं नाव, त्याखाली अभ्यासक्रमाची इंग्रजीची अट, त्याखाली व्हिसाची अट, प्रत्येकीपुढे ती अट अधिकृत पानावर वाचल्याची तारीख, त्याखाली लागणारे भागवार गुण, आणि सगळ्यात खाली परीक्षेचं नाव. शेवटची ओळ रिकामी ठेवून बाकीच्या भरून आण, असं सांगितलं. आठ दिवसांनी तो आला, तेव्हा चार परीक्षांतल्या दोन त्या कागदानेच गळल्या होत्या. उरलेल्या दोन्हींचा एकेक सराव पेपर आम्ही घड्याळ लावून सोडवला आणि पीटीई ठरवली. वडील बाहेर बाकावर बसून होते. मुलाने कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो वरून खाली सावकाश वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता भर फी."